ग्रामीण जिल्ह्यातील उच्च प्राथमिक शाळांची तुलना : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : सिंधुदुर्ग जिल्हा)

सारांश

ग्रामीण भागातील सार्वजनिक शाळांची परस्परांशी तुलना करून त्यांची गुणवत्ता ठरविण्याची रीत गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्हा समोर ठेवून उच्च प्राथमिक स्तरावरील शाळांच्या तुलनेचे प्रचलित निकष तपासले आहेत. या स्तराची प्रशासकीय विभागणी, लहान पटसंख्येचे गणित आणि शिक्षकांची उपलब्धता या तीन बाबी विचारात न घेता केलेली तुलना शाळेविषयी फारच थोडे सांगते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. तुलना नाकारणे हा त्यावरील उपाय नव्हे. शाळेला काय दिले गेले याची नोंद आधी आणि शाळेने काय साधले याची नोंद नंतर, असा तुलनेचा क्रम असावयास हवा.

बीजसंज्ञा : उच्च प्राथमिक शिक्षण, जिल्हा परिषद शाळा, पटसंख्या, संचमान्यता, शालेय मूल्यमापन.

१. प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, अशी मागणी केली होती. ही मागणी कायद्याच्या रूपाने प्रत्यक्षात येण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. हक्क मान्य झाल्यानंतर प्रश्न उरला तो गुणवत्तेचा. आणि गुणवत्ता कोठे आहे व कोठे नाही हे ठरविण्यासाठी शाळांची तुलना हे साधन पुढे आले.

तुलना ही ज्ञान मिळविण्याची मान्य रीत आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तुलनेच्या आधारे एखादी शाळा चालू ठेवावी की दुसऱ्या शाळेत विलीन करावी, असा निर्णय होऊ लागला म्हणजे तुलनेची रीत हा केवळ संख्याशास्त्राचा विषय राहत नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा विकसित करण्याचा विचार शासनस्तरावर पुढे आला. त्या वेळी अशा शाळांची संख्या १४ हजार ७८३ आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १ लाख ८५ हजार इतकी सांगण्यात आली होती. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोग त्यासाठी नमुना म्हणून मांडण्यात आले. या पार्श्वभूमीवर, लहान आणि मोठ्या शाळांची तुलना आपण नेमकी कशाच्या आधारे करतो, हे तपासणे आवश्यक ठरते.

२. जिल्ह्याची निवड

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, मालवण, कणकवली, देवगड, वैभववाडी आणि दोडामार्ग असे त्याचे आठ तालुके आहेत. २००१ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत १९ हजारांहून अधिक घट झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आणि शेजारचा रत्नागिरी जिल्हा मात्र आकसत होता. मुंबईकडे होणारे स्थलांतर आणि घटलेला जन्मदर ही त्यामागील प्रमुख कारणे होत. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया ही या जिल्ह्यातील संख्याही त्याच स्थलांतराची खूण आहे.

दुसरी बाब वस्तीच्या रचनेची. देशावरील गावाप्रमाणे येथील गाव एका ठिकाणी गोळा झालेले नसते. एकाच महसुली गावात दूरदूर विखुरलेल्या अनेक वाड्या असतात आणि त्यांच्यामध्ये डोंगर, ओहोळ, खाडी किंवा काजूची बाग असते. शाळा वाडीला धरून उभी राहिली आणि वाडीतील मुले कमी झाली तसा तिचा पटही कमी झाला. पट कमी होण्याचा अर्थ पालकांनी शाळा नाकारली असा सर्वत्र लावला जातो. या जिल्ह्यापुरते पाहता त्या अर्थाला लोकसंख्येचा आकडाच प्रथम आक्षेप घेतो.

तिसरी बाब जिल्ह्याच्या शैक्षणिक लौकिकाची. २०१२ पासून स्वतंत्रपणे कार्यरत असलेल्या कोकण विभागीय मंडळात केवळ रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा समावेश होतो आणि दहावीच्या निकालात हा विभाग सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिला आहे. २०२४ मध्ये विभागाचा निकाल ९९.०१ टक्के, तर २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. हा लौकिक सार्थ असला तरी त्याने एक अडचण निर्माण केली आहे. जेथे जवळजवळ सर्वच विद्यार्थी उत्तीर्ण होतात, तेथे उत्तीर्णतेच्या टक्केवारीवरून एका शाळेचा दुसरीपासूनचा फरक कळत नाही. आणि दहावीच्या उज्ज्वल निकालामागे पाचवी ते आठवीच्या टप्प्यावर काय घडते, हे पाहण्याची निकडही कोणास वाटत नाही.

३. दुभंगलेला टप्पा

शाळांची तुलना करावयाची तर तुलनेचे एकक निश्चित असावे लागते. उच्च प्राथमिक स्तरावर नेमकी हीच अडचण आहे. महाराष्ट्रात दीर्घकाळ पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवी ते दहावी माध्यमिक अशी रचना होती. २००९ च्या अधिनियमाने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी निराळी विभागणी स्वीकारली. परंतु इमारती, पदे आणि संस्था जुन्या रचनेप्रमाणेच उभ्या होत्या. काही जिल्हा परिषद शाळांना आठवीचा वर्ग जोडण्यात आला. पुष्कळ शाळा सातवीपर्यंतच राहिल्या. दुसऱ्या बाजूला खाजगी अनुदानित विद्यालये बहुधा पाचवीपासूनच वर्ग चालवितात.

याचा परिणाम असा की, अकरा ते चौदा वयोगटासाठी एक अखंड शाळा असे स्वरूप ग्रामीण भागात क्वचितच आढळते. एखादे मूल चौथीनंतर बाजारपेठेच्या गावातील विद्यालयात जाते, दुसरे सातवीपर्यंत वाडीच्या शाळेत राहून मग तेथे जाते, तर तिसरे आठवी जोडलेल्या पूर्ण प्राथमिक शाळेत थांबते. तिघेही एकाच गावचे. पण त्यांचा उच्च प्राथमिक टप्पा तीन निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत पार पडतो.

या स्थलांतरात निवडही होत असते. पाचवीत पाल्याला पेठेतील विद्यालयात अथवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत धाडणे ज्या पालकांना परवडते, ते तसे करतात. वाडीच्या शाळेत पाचवीनंतर राहणाऱ्या मुलांमध्ये मोलमजुरी करणाऱ्या, आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या किंवा आंब्याच्या हंगामात बागांतील कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांचे प्रमाण त्यामुळे वाढते. अमेरिकेत १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने विद्यार्थ्यांच्या संपादणुकीतील फरकांचा कौटुंबिक पार्श्वभूमीशी असलेला निकटचा संबंध दाखवून दिला होता. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले. तथापि, दोन शाळांतील विद्यार्थी कोणत्या घरांतून येतात हे न पाहता त्यांच्या गुणांची तुलना करू नये, एवढा धडा त्या वादातूनही टिकून राहिला आहे.

४. प्रचलित निकषांची तपासणी

४.१ भौतिक सुविधा

शाळांविषयीची सर्वांत विस्तृत माहिती ‘यू-डायस’ या प्रणालीत मिळते. वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, उतरता मार्ग, ग्रंथालय, संगणक, विद्युत जोडणी इत्यादींची नोंद त्यात होते. ही माहिती मोलाची आहे, परंतु तिचे स्वरूप बहुतांशी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे असते. संगणक आहे याचा अर्थ तो चालतो असा होत नाही आणि ग्रंथालय आहे याचा अर्थ कपाट उघडे असते असाही होत नाही. शिवाय सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यात मूलभूत सुविधा बहुतेक शाळांत पोहोचल्या असल्याने या निकषावर शाळाशाळांतील अंतर फारसे उमटत नाही.

४.२ स्वयंमूल्यमापन

‘शाळासिद्धी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. सात क्षेत्रे आणि ४६ मानके यांच्या आधारे शाळेने स्वतःला तपासावे, ही त्यामागील कल्पना स्वागतार्ह होती. परंतु स्वयंमूल्यमापन हे शाळेने स्वतःच्या कालच्या स्थितीशी केलेल्या तुलनेसाठी असते. त्याच श्रेणीच्या आधारे शाळांची उतरंड लावली की प्रामाणिकपणे उणीव नोंदविणारी शाळा खाली जाते आणि सर्वत्र वरची पातळी नोंदविणारी शाळा वर येते. प्रामाणिकपणालाच दंड करणारा निकष फार काळ विश्वासार्ह राहू शकत नाही.

४.३ सर्वेक्षणे

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाने ग्रामीण मुलांच्या वाचन व अंकगणिताचा प्रश्न चर्चेत आणला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु हे सर्वेक्षण घरोघरी होते, शाळेत नव्हे. जिल्ह्यातील सुमारे तीस गावे आणि प्रत्येक गावातील वीस घरे एवढा त्याचा नमुना असतो. त्यातील वाचनाची वरची पायरी दुसरीच्या पातळीचा उतारा ही असल्याने सातवीतील मुलाचा पाया पक्का आहे की नाही एवढेच त्यावरून कळते. सातवीचा अभ्यासक्रम त्याला कितपत आला, हे कळत नाही. तरीही ‘असर’चे आकडे पुढे करून एखाद्या तालुक्यातील शाळांना दोष दिला जातो. हा दोष सर्वेक्षणाचा नसून वाचकाचा आहे.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची बाब अधिक सूक्ष्म आहे. १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या फेऱ्यांत उच्च प्राथमिक स्तरासाठी आठवीचा वर्ग निवडण्यात आला होता. महाराष्ट्रात शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. सातवीपर्यंत जिल्हा परिषद शाळेत शिकलेला विद्यार्थी जूनमध्ये विद्यालयात दाखल झाला आणि नोव्हेंबरमध्ये त्याची चाचणी झाली, तर त्याच्या सात वर्षांच्या शिक्षणाचे श्रेय अथवा अपश्रेय पाच महिन्यांची ओळख असलेल्या शाळेच्या नावे जमा होते. २०२१ ची फेरी तर करोनाकाळात दीर्घकाळ बंद राहिलेल्या शाळा उघडल्यानंतर काही आठवड्यांतच झाली. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववी हे वर्ग घेण्यात आले. सहावीची निवड या दृष्टीने बरी असली, तरी तिच्यामुळे २०१७ आणि २०२१ च्या आठवीच्या आकड्यांशी थेट सांगड घालता येत नाही.

जिल्ह्यांसाठीच्या कामगिरी प्रतवारी निर्देशांकात ८३ निर्देशक आणि ६०० गुण असून त्यांपैकी २९० गुण अध्ययन निष्पत्ती व तत्संबंधित बाबींसाठी आहेत. हा निर्देशांक जिल्ह्याची दुसऱ्या जिल्ह्याशी तुलना करण्यासाठी आहे. जिल्ह्याच्या आत वैभववाडीतील वाडीची शाळा आणि कुडाळ शहराजवळची शाळा यांमध्ये काय अंतर आहे, यावर तो मौन बाळगतो.

४.४ शिष्यवृत्ती परीक्षा

ग्रामीण महाराष्ट्रात चांगल्या शाळेची ओळख दीर्घकाळ शिष्यवृत्ती परीक्षेवरून होत आली. ही परीक्षा पूर्वी चौथी व सातवीत होत असे. २०१७ पासून ती पाचवी व आठवीत घेण्यात येऊ लागली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीत नेण्याचा निर्णय झाला. ज्या शाळा सातवीपर्यंतच आहेत, त्यांच्या दृष्टीने २०१७ च्या बदलाचा अर्थ असा होता की त्यांनी घडविलेला विद्यार्थी त्यांच्या नावावर परीक्षेला बसणारच नव्हता. त्या काळात एखाद्या शाळेच्या फलकावरील शिष्यवृत्तीधारकांची यादी थांबली, तर ती शाळा ढासळली असे मानणे अन्यायाचे ठरेल. याखेरीज शिष्यवृत्ती ही मूठभर विद्यार्थ्यांची निवड आहे. तीवरून शाळेतील सर्वांत पुढचे मूल कळते. सर्वांत मागे राहिलेल्या मुलाचे काय झाले, ते कळत नाही.

५. लहान संख्येचे गणित

समजा, एका शाळेच्या सातवीत नऊ विद्यार्थी आहेत आणि दुसऱ्या शाळेत शंभर. दोन्ही ठिकाणचे अध्यापन तंतोतंत सारख्या दर्जाचे असून कोणत्याही विद्यार्थ्याने अपेक्षित पातळी गाठण्याची शक्यता ६० टक्के आहे असे धरू. शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेचा निकाल निव्वळ योगायोगाने साधारणतः पाच टक्क्यांनी वर-खाली होईल. नऊ विद्यार्थ्यांच्या शाळेचा निकाल मात्र साधारणतः सोळा टक्क्यांनी हलेल. म्हणजे लहान शाळेचा निकाल एका वर्षी ४४ आणि दुसऱ्या वर्षी ७८ टक्के लागला, तरी शिक्षकांच्या कामात तिळमात्र फरक पडलेला नसू शकतो. एक मूल तापाने आजारी पडले किंवा एक कुटुंब मुंबईहून गावी परतले, तरी टक्केवारीत अकराचा फरक पडतो.

या गणिताचा परिणाम असा होतो की कोणत्याही यादीत लहान शाळा दोन्ही टोकांना गोळा होतात. पहिल्या दहांत त्या असतात आणि शेवटच्या दहांतही असतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये ही बाब शाळांच्याच उदाहरणाने विशद केली होती. यादीचे वरचे टोक पाहणाऱ्यांना लहान शाळा आदर्श वाटतात आणि खालचे टोक पाहणाऱ्यांना त्या निकामी वाटतात. दोघेही एकाच योगायोगाला आपापल्या मताचा पुरावा समजत असतात. तेव्हा वर्षाच्या निकालावरून लहान शाळेचा गौरव करणे आणि त्याच निकालावरून तिला टाळे लावणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निराधार आहेत.

यावर उपाय अवघड नाही. एका वर्षाऐवजी सलग तीन किंवा पाच वर्षांचे विद्यार्थी एकत्र घेऊन तुलना केली, तर योगायोगाचा वाटा बराच कमी होतो. परंतु शासकीय अहवालांचे चक्र वार्षिक असल्याने तुलनाही वार्षिकच होत राहते.

६. शिक्षक : वर्गाचा हिशोब आणि पटाचा हिशोब

अधिनियमाच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गास किमान एक शिक्षक असावा आणि त्यांत विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या प्रत्येक विषयगटासाठी किमान एक शिक्षक उपलब्ध व्हावा, अशी तरतूद आहे. त्याशिवाय दर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि शंभरहून अधिक पट असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक, तसेच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक अपेक्षित आहेत. अनुसूचीतील पहिली अट वर्ग मोजते. वर्गात सहा मुले असोत वा तीस, गणित शिकविणारी व्यक्ती लागतेच, हे तत्त्व त्यामागे आहे.

प्रत्यक्षात शाळेला पदे मिळतात ती संचमान्यतेनुसार, आणि संचमान्यता पट मोजते. २८ ऑगस्ट २०१५ आणि १५ मार्च २०२४ या दिवशीच्या शासन निर्णयांनी तिचे निकष वेळोवेळी ठरविले व बदलले. पटाला प्राधान्य देणाऱ्या या हिशोबात लहान शाळेच्या वाट्याला कमी पदे येणे अपरिहार्य असते. दोन शिक्षकांनी सात वर्ग सांभाळावयाचे म्हटले, तर सातवीच्या बीजगणिताच्या तासाला पहिलीची मुळाक्षरे त्याच खोलीत चालू राहतात.

रिक्त पदांचा प्रश्न यात भर घालतो. अधिनियमाच्या कलम २६ नुसार कोणत्याही शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. मोठ्या शाळेत या तरतुदीला काही अर्थ आहे. तीन पदांच्या शाळेत मात्र एक पद रिक्त झाले की प्रमाण तेहेतीस टक्क्यांवर जाते. म्हणजे कायद्याच्या भाषेत अशा शाळेत एकही पद रिक्त राहता कामा नये. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट असते. परजिल्ह्यातून आलेला शिक्षक आंतरजिल्हा बदलीने स्वगृही परततो आणि पुढील भरती होईपर्यंत पद मोकळे राहते. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने अवघड आणि सर्वसाधारण असे क्षेत्रांचे वर्गीकरण करून दुर्गम शाळांना न्याय देण्याचा प्रयत्न केला. परंतु बदलीने पद भरते ते दुसरीकडचे पद मोकळे करूनच. एकूण संख्या अपुरी असेल तर न्याय्य वाटपानेही तूट भरून निघत नाही.

कलम २७ ने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. तथापि, जी कामे कायद्याने मान्य आहेत त्यांचा भारही सर्व शाळांवर सारखा पडत नाही. बारा शिक्षकांच्या शाळेतील दोन शिक्षक निवडणुकीच्या कामास गेले तर वेळापत्रकात फेरफार होतो. दोन शिक्षकांच्या शाळेतील दोघे गेले तर शाळाच बंद राहते. शाळांच्या कोणत्याही प्रचलित तुलनेत गणिताचा शिक्षक वर्षातील किती दिवस वर्गात होता, हा रकाना आढळत नाही. उच्च प्राथमिक स्तरावरील फरकांचे स्पष्टीकरण करणारा कदाचित सर्वांत महत्त्वाचा रकाना तोच आहे.

७. प्रतिपक्षाचा विचार

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की लहान शाळांच्या मर्यादा खऱ्या आहेत आणि त्या निकषांच्या चिकित्सेआड लपवू नयेत. हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. बारा वर्षांच्या मुलाला समवयस्कांचा गट लागतो. पाच मुलांच्या वर्गात खो-खोचा संघ होत नाही, वादविवाद रंगत नाही, प्रयोगशाळा उभी राहत नाही. एखादे मूल सातवीपर्यंत पोहोचूनही सलग परिच्छेद वाचू शकत नसेल, तर त्याचे खापर केवळ शासनावर फोडून शाळेला मोकळे होता येणार नाही. आमच्या शाळेची कोणाशीच तुलना करू नका, ही भूमिका शेवटी त्याच मुलाच्या मुळावर येते. कारण जे मोजले जात नाही, त्याची दखलही घेतली जात नाही.

समूह शाळेच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा समूहाची कल्पना मांडली होती ती लहान शाळांचे एकाकीपण घालविण्यासाठीच. मात्र त्या कल्पनेत परिसरातील शाळांनी आपापल्या जागी राहून शिक्षक, साहित्य व अनुभव यांची देवाणघेवाण करावी, हे अभिप्रेत होते. शाळा बंद करून मुले हलविणे आणि शाळा ठेवून साधने फिरविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकाच ‘समूह’ या शब्दाखाली त्या एकत्र आल्याने चर्चेत संभ्रम निर्माण होतो.

अंतराचा विचारही येथे करावा लागतो. पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे नियमांतील अंतर नकाशावर सोपे दिसते. सिंधुदुर्गात शाळा सुरू होतात त्या जूनच्या मध्यावर, म्हणजे ऐन पावसाळ्यात. ओहोळाला पूर येऊन साकव पाण्याखाली गेला की एक किलोमीटरवरील शाळाही त्या दिवशी आवाक्याबाहेर असते. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, परंतु गाडी फाट्यापर्यंतच येत असेल, तर फाट्यापासून वाडीपर्यंतची वाट पास दाखवून कमी होत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला त्या वाटेने धाडावे की नाही याचा निर्णय घरात होतो. तो नकारार्थी झाला, तर कोणत्याही गुणवत्ता यादीत त्याची नोंद होत नाही. शाळांच्या सरासरीतून ते नाव केवळ वगळले जाते. किंबहुना, कमी गुण मिळविणारे मूल गळाल्याने सरासरी सुधारल्याचाही भास होऊ शकतो.

८. पर्यायी तुलनेची दिशा

वरील चिकित्सेवरून न्याय्य तुलनेसाठी पुढील पाच सूत्रे सुचविता येतात.

पहिले, तुलना समान परिस्थितीतील शाळांची असावी. दोडामार्गमधील पंधरा पटाच्या शाळेची तुलना कणकवलीच्या पेठेतील शाळेशी न करता, तितक्याच पटाच्या, तितक्याच शिक्षकांच्या आणि तशाच वस्तीतील दुसऱ्या शाळेशी करावी. सारख्या साधनांत एक शाळा दुसरीपेक्षा सातत्याने पुढे राहत असेल, तर तेथून खरोखर काही शिकता येईल.

दुसरे, विद्यार्थ्याने कोठपर्यंत मजल मारली याबरोबरच तो कोठून निघाला हेही नोंदवावे. पाचवीत प्रवेश घेताना असलेली पातळी आणि सातवी सोडतानाची पातळी यांतील अंतर हे शाळेचे काम होय. निव्वळ शेवटचा आकडा हा घर, वाडी आणि शाळा या तिघांचा मिळून असतो.

तिसरे, लहान शाळांसाठी किमान तीन वर्षांचा एकत्रित हिशोब धरावा आणि एका वर्षाच्या चढउतारावरून कोणताही प्रशासकीय निर्णय घेऊ नये.

चौथे, शिक्षकांची उपलब्धता हा तुलनेचा पहिला रकाना असावा. मंजूर पदे, भरलेली पदे, विषयनिहाय शिक्षक आणि त्यांचे प्रत्यक्ष अध्यापनाचे दिवस यांची नोंद नसेल, तर पुढील गुणांचे रकाने वाचूच नयेत. अधिनियमाने उच्च प्राथमिक स्तरासाठी २२० कार्यदिन आणि एक हजार अध्यापन तास निश्चित केले आहेत. प्रत्येक विषयाला त्यांतील किती तास मिळाले, हे शाळेच्या दैनंदिन नोंदींतून काढता येण्यासारखे आहे.

पाचवे, सातवीनंतरचा मागोवा घ्यावा. सातवी उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती आठवीत पोहोचले, किती दहावीला बसले आणि त्यांत मुली किती, ही माहिती विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून मिळविता येईल. दुभंगलेल्या टप्प्याचे दोन तुकडे जोडण्याचा हाच मार्ग आहे. आणि वाडीच्या शाळेने घातलेला पाया विद्यालयाच्या निकालात किती उतरला, हेही त्यातूनच कळेल.

९. निष्कर्ष

शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण भारतीय शिक्षणाला साधता आलेला नाही, असे मांडले होते. तेव्हा संख्येचा प्रश्न शाळेबाहेरील लाखो मुलांचा होता. सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यात आज तो उलट दिशेने उभा राहिला आहे : मुले कमी झाली आणि ती कमी झाली म्हणूनच त्यांच्या शाळेचा अधिकार कमी मानला जात आहे. संख्या घटली तर समतेची मागणीही घटते, असे मात्र त्या त्रिकोणात कोठेही अभिप्रेत नव्हते.

शाळांची तुलना अवश्य व्हावी. परंतु जिच्या वाट्याला गणिताचा शिक्षक आला नाही अशा शाळेला गणितात कमी गुण मिळाले, हे निरीक्षण शाळेविषयीचे नसून शिक्षकाचे वाटप करणाऱ्या व्यवस्थेविषयीचे आहे. ते शाळेच्या नावावर मांडले की व्यवस्था परीक्षकाच्या खुर्चीत बसते आणि परीक्षार्थी राहते ती एकटी शाळा. उच्च प्राथमिक शाळांच्या कोणत्याही न्याय्य तुलनेत जिल्हा परिषद, राज्य शासन आणि शाळा या तिघांची नावे एकाच तक्त्यात असली पाहिजेत. तसा तक्ता तयार झाल्यानंतरही काही शाळा उण्या ठरतील आणि त्यांना त्याचा जाब विचारावाच लागेल. तो विचारण्याचा नैतिक अधिकार मात्र कायद्याने कबूल केलेले शिक्षक त्या शाळेत प्रत्यक्ष पोहोचल्यानंतरच प्राप्त होतो.